जुन्या अंकांतील शब्द आणि आपण

जुन्या मराठी वर्तमानपत्रांचे बांधीव खंड हाती आले की बहुतेक वाचक प्रथम अग्रलेख शोधतात. माझी नजर बाजारभावाकडे जाते. सारी नोकरी बँकेत खतावण्या आणि ताळेबंद पाहण्यात गेली, त्याचा हा परिणाम असावा. निवृत्तीनंतर ग्रंथालयात बसून जुनी नियतकालिके वाचण्याचा छंद मला लागला. त्या वाचनातून इतिहास किती कळला हे सांगता येणार नाही; परंतु रोजच्या वापरातले साधे शब्द समाजाच्या मनातले किती उघड करून दाखवतात, हे मात्र पुरेपूर उमजले. आपल्यासारख्या व्यापारी घरांतील वाचकांना त्यात रस वाटेल, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम बाजारभावच पाहू. किंमत तीन आकड्यांत छापलेली असते. ३-१२-० याचा अर्थ तीन रुपये बारा आणे. सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा; म्हणजे रुपयाच्या एकशे ब्याण्णव पै. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि हे तीन आकडे हळूहळू छपाईतून गेले. पाठोपाठ शेर आणि मणही गेले. कापसाच्या व्यापारात खंडी मात्र आजही टिकून आहे. भाषेचीही तीच गोष्ट. ‘बाजार नरम’, ‘कल तेजीचा’, ‘आवक बेताची’ हे शब्दप्रयोग शंभर वर्षांपूर्वी जसे होते, तसेच आजही आपल्या पेढ्यांवर ऐकू येतात. अग्रलेखांची भाषा दर पिढीला बदलत गेली. पूर्वी ‘घरांत’, ‘नाहीं’, ‘त्यांनीं’ असे अनुस्वार असत. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी त्यांतील बरेच काढून टाकले. बाजारभावाच्या रकान्याला या साऱ्या उलथापालथीची फारशी झळ लागली नाही. व्यापाऱ्याला शब्द बदलण्यापेक्षा व्यवहार पुरा करण्याची घाई असते, एवढेच त्याचे कारण असावे.

आणखी एक मौजेची गोष्ट सांगतो. वर्गणीचे दर जुन्या पत्रांत दोन असत, ‘आगाऊ’ आणि ‘मागाहून’. उधारीचा दर अर्थातच चढा. तरीही बाकी थकत असे, आणि संपादक मोठ्या अजिजीने ‘कृपाळू वर्गणीदारांस’ विनंती करीत. ज्या लेखणीने सरकारला खडे बोल सुनावले, तीच लेखणी दोन रुपयांच्या बाकीसाठी इतकी मऊ झालेली पाहून माझ्यातील वसुली अधिकाऱ्याला त्या संपादकांविषयी मनापासून सहानुभूती वाटली.

मराठी वृत्तपत्रांचा आरंभ बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’पासून मानला जातो. त्याचा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी निघाला. पुढे ‘प्रभाकर’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘इंदुप्रकाश’, ‘दीनबंधू’, ‘केसरी’, ‘सुधारक’ अशी मालिका तयार झाली. त्यांची मते आपण शाळेत शिकलो. मते ही विचारपूर्वक मांडलेली असतात, त्यामुळे त्यांत लेखक सावध असतो. बातमीतले सर्वनाम लिहिताना तो सावध नसतो. कोणाला ‘हे’ म्हणायचे आणि कोणाला ‘तो’, हे लेखणी आपोआप ठरवते.

जुन्या अंकांत प्रतिष्ठित गृहस्थ ‘रा. रा.’ म्हणजे ‘राजमान्य राजश्री’ असत. गोरा अधिकारी ‘मेहेरबान’ किंवा ‘साहेब बहादूर’ असे. ही मंडळी येत, बोलत, परत जात, ती सारी आदरार्थी बहुवचनात. हमाल, कुणबी, महार, मांग यांच्यासाठी सरळ ‘तो’ येई, आणि पुष्कळदा नावही नसे. ‘एक इसम’ एवढ्यावर भागे. एकाच बातमीत फिर्यादी ‘हे’ आणि आरोपी ‘तो’ असे वाचले की न्यायालयाचा निकाल लागण्यापूर्वी व्याकरणाने निकाल दिला असे वाटते. आजच्या बातमीदारांनी ही सवय पूर्ण सोडली आहे, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

स्त्रियांची नोंद याहून चमत्कारिक. ‘अमुक यांचे कुटुंब वारले’ असे वाक्य आजच्या तरुणाने वाचले, तर सारे घर एका दिवसात गेले असे त्याला वाटेल. त्या काळी ‘कुटुंब’ म्हणजे पत्नी. ‘मंडळी’ म्हणजेही पत्नी. ‘आमची मंडळी माहेरी गेली आहे’ हे आपल्या आजोबांच्या तोंडचे वाक्य काही वाचकांना आठवत असेल. स्वतःचे नाव नसलेली ही व्यक्ती वडिलांच्या, पतीच्या, नंतर मुलाच्या खाती दाखवली जाई. मागे लागणारी उपाधीही पतीवर अवलंबून. तो हयात असेल तर ‘सौ.’, नसेल तर ‘गं. भा.’. पुरुषाच्या नावामागील ‘श्री.’ विधुर झाल्याने बदलत नसे. विधवेसाठी बोलीत जे शब्द होते, त्यांतील ‘बोडकी’ हा त्यातल्या त्यात सौम्य. दुसरा एक शब्द एके काळी केवळ ‘विधवा’ एवढ्याच अर्थाचा होता. पुढे त्याची शिवी झाली आणि आज या पानावर तो लिहिण्याचा मला संकोच वाटतो. ज्या अवस्थेत स्त्रीचा काही दोष नाही, त्या अवस्थेचे नाव शिवी म्हणून वापरले जावे, यातच त्या काळाचे पुष्कळसे चरित्र आले.

याला उत्तर देणारी एक स्त्री त्याच काळात निघाली. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर स्वतःच्या अर्भकाच्या हत्येचा खटला झाला. तिला प्रथम फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करण्यात आली. या प्रकरणावर वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या नीतीविषयी लिहिले जाऊ लागले. ‘पुणे वैभव’ पत्रातील असे लेखन वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे संतापल्या आणि १८८२ साली त्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक छापून प्रसिद्ध केले. त्या पुस्तकाची भाषा घरातली, माजघरातली, प्रसंगी चुलीजवळची आहे. विद्वत्तेचा आव त्यात नाही. बाईच्या अंगी जे दुर्गुण चिकटवले जातात ते पुरुषांत नाहीत काय, हा त्यांचा सरळ सवाल. एका बाजूचेच खाते लिहून शिल्लक काढणाऱ्याला दुसरी बाजू दाखवावी, तसा तो युक्तिवाद आहे. हे पुस्तक पुढे विस्मृतीत गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. म्हणजे जवळजवळ शतकभर ही नोंद कोणाच्या नजरेस पडली नाही!

पुरुषांमध्येही वेगळे लिहिणारे होते. १८८८ साली ‘सुधारक’ काढणाऱ्या आगरकरांनी स्त्रियांनी जाकिटे घालावीत की नाही, अशा वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या विषयावर गंभीरपणे लिहिले. मोठ्या तत्त्वांवर बोलणे तुलनेने सोपे; घरातील लुगड्याचोळीपर्यंत तत्त्व आणून भिडवणे कठीण. पुढे १९३० साली किर्लोस्करवाडीहून ‘स्त्री’ मासिक निघाले आणि स्त्रिया स्वतःविषयी स्वतः लिहू लागल्या. तरी १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले ते ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने. ही लेखिका कोण, याचीच चर्चा लिखाणापेक्षा अधिक रंगली. मालतीबाई बेडेकरांना आपले नाव झाकावे लागले, ही गोष्ट ‘कुटुंब’ आणि ‘मंडळी’ या शब्दांपासून फार दूरची नाही.

आता आपल्या हिशेबी मनाला विशेष जाणवणारी एक गोष्ट. मुलीच्या बापाने पैसे घेऊन मुलगी दिली तर जुनी पत्रे त्याला ‘कन्याविक्रय’ म्हणत आणि त्यावर आसूड ओढत. १८९९ साली रंगभूमीवर आलेल्या देवलांच्या ‘संगीत शारदा’ नाटकाने जरठ-कुमारी विवाहावर असा काही प्रहार केला की ‘शारदा’ हे नाव त्या प्रश्नाचेच नाव होऊन बसले. बालविवाहाला आळा घालणारा १९२९ चा कायदा हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो. परंतु मराठी घरांत तो ‘शारदा कायदा’ झाला, आणि तो देवलांच्या नायिकेवरून पडला असे समजणारी मंडळी मला आजही भेटतात. असो. मुद्दा असा की, पैसा वराकडून वधूकडे गेला तर त्याला ‘विक्रय’ हा स्पष्ट, लाजिरवाणा शब्द होता. तोच पैसा वधूकडून वराकडे गेला तर त्याला ‘हुंडा’ हा स्वतंत्र, सौम्य, जणू रीतीतला शब्द होता. ‘वरविक्रय’ असा शब्द काही सुधारकांनी वापरला, पण तो रुजला नाही. रक्कम तीच, व्यवहार तोच. फक्त एकाला विक्रीच्या खाती टाकले आणि दुसऱ्याला रूढीच्या. लेखापरीक्षकाने अशी नोंद मान्य केली नसती.

येथवर इतरांविषयीच्या शब्दांची चर्चा झाली. आपल्याविषयी काय लिहिले जाई?

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी, बाजाराच्या दिवशी, जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. पुढील काही आठवड्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत तेच घडले. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. रोख मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकारांवर होता, आणि त्यांत आपल्या समाजातील घरे पुष्कळ होती. लोकांनी मागितली ती कर्जखते आणि वह्या. त्या फाडल्या, जाळल्या. जीवितहानी मात्र फारशी झाली नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला आलेली तेजी १८६५ नंतर ओसरली, त्यातच शेतसाऱ्याची फेरआकारणी झाली, आणि कर्ज फेडण्याची शेतकऱ्याची ताकद संपली. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ संमत झाला. खतावरील आकडा प्रमाण न मानता त्यामागचा सारा व्यवहार तपासण्याची मुभा त्याने न्यायालयाला दिली.

या काळापासून मराठी लेखनात ‘मारवाडी’ हे प्रांताचे नाव राहिले नाही. ते एका स्वभावाचे नाव झाले. ‘मारवाडीपणा’ असा भाववाचक शब्दही झाला. कथांत, नाटकांत, विनोदी चित्रांत पोट सुटलेला, मोडके मराठी बोलणारा सावकार ठरलेल्या साच्यात येऊ लागला. गंमत अशी की ज्या गृहस्थाने धर्मशाळा बांधली, दुष्काळात अन्नछत्र घातले, तो पत्रांत ‘शेठ अमुक’ म्हणून नावानिशी येई, आणि कोर्टात वसुलीची फिर्याद लावली की तो नुसता ‘मारवाडी’ होई. दान देताना माणूस, मागताना जात. आपल्या वाडवडिलांना ते बोचले असणार. मलाही वाचताना बोचते.

परंतु बँकेत कर्जविभाग सांभाळलेल्या माणसाने दुसरी बाजूही बोलली पाहिजे. आपल्या वह्यांत कर्ज घेणाऱ्याला शब्द होता ‘कूळ’. त्याला तेथे नाव असे, पण तेही बहुधा एकेरी. पेढीवर गादीवर कोण बसे आणि ओट्याखाली कोण उभा राही, याचे नियम वहीत लिहिलेले नसले तरी पक्के होते. व्याज मुद्दलाएवढे झाले की थांबावे, असा ‘दामदुप्पट’चा नियम हिंदू कायद्यात होता, नवे खत लिहून घेतले की तो नियम टाळता येतो, हे ज्ञानही आपल्याकडे होते. पुढे कायद्याच्या भाषेत ‘धनको’ आणि ‘ऋणको’ आले, १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर ‘कर्जदार’ बँकेच्या पायऱ्या चढू लागला, आणि माझ्या नोकरीच्या शेवटी शेवटी वरून आलेल्या परिपत्रकांत तो ‘ग्राहक’ झाला. ‘कूळ’ ते ‘ग्राहक’ या प्रवासात व्याजाचे गणित मुळीच बदलले नाही. खुर्ची पुढे करण्याची पद्धत मात्र बदलली, आणि ते काही थोडे नव्हे.

जाहिरातींचे रकानेही असेच बोलके आहेत. ‘ब्राह्मण स्वयंपाकी पाहिजे’, ‘अमुक ज्ञातीच्या बिऱ्हाडास जागा देणे आहे’ अशा मजकुरात कोणालाच काही वावगे वाटत नसे. जाहिरात न घेणे हाही एक मजकूरच असतो. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ पाक्षिक सुरू केले. त्याची जाहिरात ‘केसरी’ने पैसे देऊ केले असतानाही छापली नाही, असे त्यांच्या चरित्रात नोंदवलेले आहे. व्यापारात वाढलेल्या माणसाला या गोष्टीचे गांभीर्य चटकन कळते. रोख रक्कम समोर असताना माल नाकारला जातो, तेव्हा कारण हिशेबाबाहेरचे असते.

आपल्या समाजाची स्वतःची पत्रेही याच सुमारास निघाली. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी १८८० नंतरच्या दशकात ‘जैन बोधक’ सुरू केले. १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. ‘प्रगति आणि जिनविजय’ हे तिचे मुखपत्र. शास्त्रग्रंथ छापावेत की नाहीत, हाच त्या काळी कडाक्याचा वाद होता, हे लक्षात घेतले म्हणजे छापील मासिक काढण्यातील धाडस कळते. बालविवाह, वृद्धविवाह, कन्याविक्रय, लग्नातील उधळपट्टी यांवर या पिढीने निर्भीडपणे लिहिले. तरुणपणीच वैधव्य आलेल्या मगनबाईंनी मुंबईत जी संस्था उभारली, तिचे नाव ‘श्राविकाश्रम’. पंडिता रमाबाईंचे ‘शारदा सदन’ १८८९ चे, कर्व्यांचा ‘अनाथ बालिकाश्रम’ १८९६ चा. तीनही ठिकाणी ‘विधवा’ हा शब्द नावातून कटाक्षाने वगळला आहे. ज्यांनी या स्त्रियांचे दुःख जवळून पाहिले, त्यांनी प्रथम पाटीवरचा शब्द बदलला. मला या नावांविषयी फार आदर वाटतो.

तरी आपल्या जुन्या अंकांत सारेच असे नाही. स्त्रियांना उपदेश करताना धाकट्या भावंडाशी बोलावे तसा सूर आहे, नोकरमाणसांविषयी तुच्छता आहे, पोटजातींच्या उच्चनीचतेवर पानेच्या पाने खर्च झाली आहेत. आमच्या गावातील मंडळाने जुन्या अंकांतील निवडक लेखांची स्मरणिका काढायचे ठरवले, तेव्हा एका सदस्यांनी सुचवले की, हे शब्द आज बरे दिसत नाहीत, छापताना थोडे बदलून घ्यावेत. हेतू चांगला होता. माझे मत मी तेथेच मांडले. आपल्या वहीत खाडाखोड चालत नाही. चुकीची नोंद रबराने पुसायची नसते, वर कागद चिकटवायचा नसतो. ती तशीच ठेवून तिच्या समोर उलट नोंद करायची असते, तारीख घालून. लेख मूळ शब्दांत छापावा आणि खाली आजच्या संपादकाची टीप द्यावी. दोन बैठका वाद झाला. शेवटी चार लेख टीपांसह छापायचे ठरले. पाचवा, पोटजातींविषयीचा, वगळण्यात आला. तो छापायला हवा होता असे मला अजूनही वाटते.

कारण तो वगळला की इतरांनी आपल्याविषयी लिहिलेल्या ‘मारवाडी’ या शब्दावर रागावण्याचा आपला अधिकार थोडा पातळ होतो. त्यांची वही उघडी आणि आपली बंद, असा हिशेब जुळत नाही.

पुष्कळ घरांत असे अंक माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यांत पडून आहेत, आणि घर बदलताना ते किलोच्या भावाने रद्दीत जातात. वाचकांनी कृपा करून तसे करण्यापूर्वी एकदा ते उलगडून पाहावेत. कागद ठिसूळ झाला असेल तर तो प्लास्टिकमध्ये बंद करू नये, चिकटपट्टी तर मुळीच लावू नये. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी आडवा ठेवावा आणि मोबाइलवर पानोपान छायाचित्र घ्यावे. मुखपृष्ठ आणि जाहिरातींची पाने सोडू नयेत. संग्रह करणारे बहुधा लेख ठेवतात आणि जाहिराती फाडून टाकतात. पुढच्या अभ्यासकाला नेमक्या त्याच लागतात.

आणि जाता जाता आपल्या चालू अंकांचीही तीच पाने पाहावीत. ‘फक्त शाकाहारी कुटुंबास’ ही भाड्याच्या जागेची अट आपल्याला आज इतकी सहज वाटते, जितकी ‘अमुक ज्ञातीच्या बिऱ्हाडास’ ही तेव्हा वाटत होती. दोन्ही अगदी एक आहेत असे मी म्हणणार नाही. आहाराचा प्रश्न आपल्यासाठी श्रद्धेचा आहे. परंतु शंभर वर्षांनी वाचणारा ती ओळ कशी वाचील, हे आपल्या हाती नाही. वधू-वर परिचयाच्या पानांत मात्र बदल दिसतो. मुलींच्या परिचयात आता शिक्षण आणि नोकरी प्रथम येते, काही ठिकाणी आईचे नाव वडिलांच्या बरोबरीने छापलेले असते, आणि ‘घटस्फोटित’ हा शब्द कुजबुज न करता येतो. ‘गृहकृत्यदक्ष’ जवळजवळ दिसेनासा झाला आहे. ‘गोरी’ अजून आहे. याच महिन्याच्या पानांवर वाचकांना तो शब्द सापडेल.